फ्रेंच शिल्पं आणि इम्प्रेशनिस्ट चित्रं बघायला जायचंय? आधी शेतातली गंजी बघा

मुंबईला किंवा दिल्लीला परदेशी चित्रांचं प्रदर्शन लागलं की आपल्या जळगाव-धुळ्याकडचे मित्र हमखास म्हणतात, आपल्याला त्यातलं काय कळतंय, एवढं भाडं खर्चून जायचं कशाला. मला हे ऐकून फार वाईट वाटतं, कारण या चित्रांना लागते ती नजर आपल्याकडे शेतात फिरणाऱ्या प्रत्येकाला असते, फक्त ती थोडी जागी करावी लागते.

तर सुरुवात घरूनच करा. ज्वारी निघाली की खळ्यात कडब्याची गंजी रचतात ना, एकाच जागी उभं राहून तिचे तीन फोटो काढा, सकाळी सातला, भर दुपारी आणि दिवस बुडताना, फिल्टर वगैरे काही लावू नका. मग तिन्ही शेजारी ठेवून फक्त सावली बघा. सकाळची सावली निळसर जांभळी दिसेल, दुपारची आखूड आणि कडक, आणि संध्याकाळी गंजीची एक कड अशी तांबूस पेटलेली दिसते की कडब्याचा मूळ रंग कोणता हेच सांगता येत नाही. फ्रेंच इम्प्रेशनिस्ट चित्रकार क्लोद मोनेने १८९०-९१ मध्ये हेच केलं. फ्रान्समधल्या जिव्हेर्नी गावात घराजवळच्या शेतातल्या धान्याच्या गंज्या, एका वेळी बरेच कॅनव्हास सोबत ठेवायचा, उजेड बदलला की दुसरा कॅनव्हास पुढे. मे १८९१ मध्ये पॅरिसला चित्रांचा व्यापारी द्युरां-र्‍युएलच्या गॅलरीत त्यातली १५ चित्रं एकत्र लागली. एकेकटं चित्र बघून ही गंमत कळत नाही, म्हणून प्रदर्शनात एकाच विषयाची दोन-तीन चित्रं जवळजवळ लावलेली दिसली तर तिथे जास्त वेळ थांबा.

इतिहास थोडाच लागतो. सलों म्हणजे पॅरिसचं सरकारी चित्रप्रदर्शन, तिथे चित्रं नाकारली जायची म्हणून मोने आणि त्याच्या चित्रकार मित्रांनी १५ एप्रिल १८७४ ला नादार नावाच्या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत स्वतःचं प्रदर्शन लावलं, मोनेच्या 'इम्प्रेशन, सूर्योदय' या चित्रावरून एका टीकाकाराने चेष्टेने इम्प्रेशनिस्ट म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. १८८६ पर्यंत अशी आठ प्रदर्शनं झाली, आठही प्रदर्शनांत चित्रं देणारा त्यांच्यातला एकटा पिसारो. आणि बाहेर जाऊन रंगवणं जमलं त्याला एक साधं कारण म्हणजे रंगाची ट्यूब, ती १८४१ मध्ये आली, त्याआधी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवायचे.

आता हॉलमध्ये गेल्यावर. पहिली फेरी पटपट मारा, पाटी वाचायची नाही, जिथे पाय थांबेल ती तीनच चित्रं मनात धरा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळं बघायच्या नादात दोन तासात शे-दीडशे चित्रांसमोरून गेलो आणि परतीच्या गाडीत मनमाड यायच्या आत एकही डोळ्यासमोर येईना, तेव्हापासून तीनच. निवडलेल्या चित्राच्या आधी जवळ जा, दोरीच्या अलीकडे राहून, नुसते रंगाचे फराटे दिसतील. मग तोंड तिकडेच ठेवून हळूहळू दहा-बारा फूट मागे या. नदीचं चित्र असेल तर एका ठरावीक पावलाला फराट्यांचं पाणी होतं. ते पाऊल सापडेपर्यंत मागेपुढे करा, लोक बघतात, बघू द्या.

शिल्पाला मात्र प्रदक्षिणाच पाहिजे. आईला घेऊन हैदराबादच्या सालारजंग म्युझियममध्ये गेलो होतो, तिथे १९व्या शतकातलं फ्रेंच लाकडी शिल्प आहे, पुढून फाउस्टच्या गोष्टीतला सैतान मेफिस्टोफेलिस आणि त्याच लाकडात मागून त्याच गोष्टीतली, मान खाली घातलेली मार्गारेटा, मागे आरसा लावलाय. आई आरशात बघून थांबली नाही, बाजूला गेली आणि दोघांची पाठ जिथे जुळते ती कड बराच वेळ बघत राहिली. मला तोवर ती कड दिसलीच नव्हती.

फ्रेंच शिल्पकार रोदँचं काम बघताना चेहऱ्याआधी हातपाय बघा. 'कालेचे नागरिक' मध्ये १३४७ च्या इंग्रजांच्या वेढ्यातून आपलं काले हे फ्रेंच गाव वाचवायला निघालेली सहा माणसं आहेत, एकाने डोकं दोन्ही हातांत धरलंय, एकाने किल्ली घट्ट धरलीय, आणि पाय इतके जड की मातीत रुतल्यासारखे. एका बाजूने सहाही चेहरे दिसतच नाहीत, फिरावंच लागतं.

पुष्कळांना वाटतं ब्राँझचं शिल्प दुसरीकडे पण आहे म्हणजे आपल्यासमोरचं नक्कल. तसं नसतं. आधी माती, मग प्लास्टर, मग साचा, मग ओतकाम, त्यामुळे एकाच शिल्पाच्या अनेक प्रती निघतात, फ्रान्समध्ये आता कायद्याने १२ पर्यंत अस्सल धरतात. आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे शिल्पकार राम सुतारही आधी मातीत छोटं मॉडेल करायचे, मग मोठं ब्राँझ. म्हणून पाटीवर शिल्प कधी घडवलं आणि कधी ओतलं ही दोन्ही सालं शोधा. इम्प्रेशनिस्टांपैकीच एक असलेल्या देगाने 'चौदा वर्षांची छोटी नर्तकी' १८८१ मध्ये मेणाची दाखवली होती, खऱ्या कापडाचा झगा आणि केसांसकट, आणि आज जगभर दिसणारी ब्राँझची नर्तकी देगा १९१७ मध्ये वारल्यानंतर ओतलेली आहे.

कामी क्लोदेलचं काही असेल तर ते सोडू नका. रोदँची शिष्या एवढीच ओळख पाटीवर असते, पण तिच्या 'वॉल्ट्झ' मध्ये नाचणारं जोडपं इतकं कललंय की आता पडतील असं वाटतं, आणि या बाईची शेवटची तीस वर्षं, १९१३ ते १९४३, मनोरुग्णालयात गेली.

पॅरिसला जाणं झालंच तर ओर्से म्युझियम, ते जुनं रेल्वे स्टेशन आहे, भुसावळकरांना तर तिथलं छतच आधी आवडेल, आणि रोदँ म्युझियमची बाग, तिथे रोदँचं 'विचारवंत' हे शिल्प उघड्यावर ठेवलंय म्हणजे बदलत्या उजेडात बघता येतं. दोन्ही सोमवारी बंद असतात, तिकीट काढताना वार बघून घ्या.