गेम स्टुडिओत काम करणाऱ्या स्त्रीने आपल्या कामाची नोंद कशी राखावी

गेम स्टुडिओत स्त्रीची पारख पुष्कळदा तिच्या कामावरून न होता तिच्याविषयीच्या समजुतीवरून होते, आणि ही समजूत या उद्योगाइतकीच जुनी आहे. कॅरोल शॉ १९७८ साली अटारी या अमेरिकी गेम कंपनीत प्रोग्रामर म्हणून रुजू झाल्या. त्यानंतर कंपनीच्या प्रमुखांनी आता सौंदर्यप्रसाधनांच्या रंगसंगतीवर आणि गृहसजावटीवर खेळ काढता येतील, अशा अर्थाचा शेरा मारला होता, असे शॉ यांनी पुढे मुलाखतीत सांगितले आहे. याच शॉ यांनी १९८२ साली ॲक्टिव्हिजनसाठी ‘रिव्हर रेड’ हा लढाऊ विमानाचा खेळ लिहिला आणि तो त्या काळी प्रचंड खपला. अशा समजुतीशी तोंडी वाद घालून फारसे हाती लागत नाही. तिच्यापुढे टिकते ती तारखेनिशी लिहिलेली नोंद. ही नोंद मुलाखतीपासून नोकरी सोडण्यापर्यंत कशी उभी करावी, हे पुढे सांगितले आहे.

नोकरी स्वीकारण्यापूर्वी

ज्या स्टुडिओत अर्ज करणार आहात, त्याच्या अलीकडच्या एक-दोन खेळांची श्रेयनामावली शेवटपर्यंत पाहा. स्त्रियांची नावे किती आहेत, यापेक्षा ती कोणत्या विभागांत आणि कोणत्या पदांवर आहेत हे पाहणे महत्त्वाचे आहे. मनुष्यबळ, प्रसिद्धी आणि कम्युनिटी (खेळाडूंशी संपर्क ठेवणारा विभाग) या विभागांत स्त्रिया भरपूर, पण प्रोग्रामिंग, डिझाइन व ॲनिमेशनच्या लीडपदी (चमूच्या प्रमुखपदी) एकही नाही, असे दिसले तर मुलाखतीत त्याचे कारण सरळ विचारावे. ‘पात्र स्त्रिया मिळतच नाहीत’ हे उत्तर किमान पुण्यात तरी पटणारे नाही. २०२० साली आलेला ‘राजी’ हा खेळ पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने केला आणि त्या स्टुडिओच्या सहसंस्थापकांत श्रुती घोष आहेत.

मुलाखतीत ‘तुम्ही खऱ्या गेमर आहात का’ या अर्थाचे प्रश्न आले तर सावध व्हावे. लॉस एंजेलिसच्या रायट गेम्समधील लिंगभेदाविषयी २०१८ च्या ऑगस्टमध्ये जे सविस्तर वृत्त प्रसिद्ध झाले, त्यात हाच मुद्दा होता: ‘कट्टर गेमर’ असण्याची अपेक्षा वरकरणी सर्वांना सारखी होती, परंतु तिची चाळणी स्त्रियांनाच अधिक बारीक लागत होती. पुरुष उमेदवाराने खेळांची आवड सांगितली की ती मान्य होते, स्त्रीला मात्र तिचा पुरावा मागितला जातो. अशा वेळी खेळलेल्या खेळांची जंत्री देत बसू नये. एकच खेळ घ्यावा, त्यातील एखादी पातळी किंवा नियंत्रणाची रचना का जमली आहे वा का फसली आहे हे आपल्या विषयाच्या अंगाने उलगडून सांगावे, आणि संभाषण कामावर आणावे. तो खेळ मोबाइलवरचा असला तरी संकोच करू नये, कारण जगभरच्या गेम उद्योगाच्या उत्पन्नाचा निम्म्याच्या आसपास वाटा मोबाइलवरूनच येतो.

नियुक्तिपत्र सही करण्यापूर्वी पूर्ण वाचावे, विशेषतः लवादाचे कलम. रायटमध्ये २०१९ च्या मे महिन्यात दीडशेहून अधिक कर्मचारी निषेध म्हणून कामाच्या वेळेत बाहेर पडले, त्यामागे सक्तीच्या लवादाचाच प्रश्न होता. तक्रारी न्यायालयाऐवजी बंद दाराआड निकालात निघाव्यात, अशी ही तरतूद असते. अमेरिकेत मार्च २०२२ पासून लैंगिक छळाच्या प्रकरणांत असे कलम तक्रारदारावर लादता येत नाही, ही गोष्ट तिकडे नोकरीला जाणाऱ्या मराठी मुलींनी ध्यानात ठेवावी. महाराष्ट्रात काम करणार असाल तर क्रंचच्या, म्हणजे खेळ पूर्ण करण्याच्या घाईत जादा तास काम करण्याच्या, काळाबद्दलही विचारून घ्या. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचे तर तिची संमती लागते, तसेच तिच्या सुरक्षिततेची आणि घरापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. ती व्यवस्था आहे म्हणून रात्री थांबलेच पाहिजे, असे मात्र नाही.

रोजच्या कामाची नोंद

बैठकीत स्त्रीने मांडलेली कल्पना दुर्लक्षिली जाते आणि थोड्या वेळाने तीच कल्पना दुसऱ्याच्या तोंडून आली की सर्वांना पटते, हा अनुभव इतक्या जणींनी सांगितला आहे की त्याला अपवाद मानणे शक्य नाही. यावर साधा उपाय असा की, बैठक संपल्यावर तासाभरात लीडला आणि उपस्थितांना चार ओळींचा ईमेल पाठवावा: कोणता प्रश्न होता, मी काय सुचवले, काय ठरले, कोणी काय करायचे. त्यात तक्रारीचा सूर अजिबात नसावा. असे ईमेल नियमित जात राहिले की ते कामाच्या शिस्तीचा भाग होऊन जातात, आणि वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी तेच आपले साक्षीदार ठरतात.

कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या परफोर्स किंवा गिट या प्रणालींमध्ये बदल चढवताना शेऱ्याच्या जागी ‘किरकोळ दुरुस्ती’ लिहून मोकळे होऊ नये. कोणता बग होता, कशामुळे होता आणि आपण काय बदलले, हे दोन वाक्यांत लिहावे. याखेरीज स्वतःची एक वही ठेवावी आणि तिच्यात तारीख, कामाचा क्रमांक व परिणाम एवढेच टिपावे. कंपनीचा कोड, चित्रे किंवा अप्रकाशित बिल्डचे (खेळाच्या तयार होत असलेल्या आवृत्तीचे) फोटो वैयक्तिक ईमेलवर पाठवू नयेत. गोपनीयतेच्या कराराचा तो भंग ठरतो आणि मूळ तक्रार बाजूला राहून आपलीच चौकशी सुरू होते. आपल्याला उद्देशून आलेले अश्लील किंवा अपमानकारक संदेश ही निराळी बाब आहे. ते तारीख व पाठवणाऱ्याचे नाव दिसेल अशा रीतीने जपून ठेवलेच पाहिजेत.

वेतनाबद्दल बोलण्याचा संकोच आपल्याकडे फार आहे, आणि त्याचा फायदा कंपनीलाच होतो. ब्लिझार्ड या अमेरिकी गेम कंपनीच्या सहप्रमुखपदी २०२१ च्या ऑगस्टमध्ये जेन ओनील यांची एका पुरुष सहकाऱ्यासोबत नेमणूक झाली. पद एकच असूनही समान मोबदल्याचा प्रस्ताव त्यांना राजीनामा दिल्यानंतरच मिळाला, असे त्यांनी स्वतः कर्मचाऱ्यांना कळवले होते. पदाच्या इतक्या उंचीवर हे घडत असेल, तर कनिष्ठ ॲनिमेटरने ‘योग्य वेळी वाढ होईल’ या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. वेतनवाढीची मागणी लेखी करावी, तिच्यासोबत वर सांगितलेल्या नोंदींचा सारांश जोडावा आणि उत्तरही लेखीच मागावे.

खेळाडूंकडून होणारा त्रास

२०१४ च्या गेमरगेट या ऑनलाइन छळाच्या प्रकरणात गेम बनवणाऱ्या आणि खेळांवर लिहिणाऱ्या स्त्रियांना धमक्यांमुळे घर सोडावे लागले होते. तेव्हापासून हा धोका सर्वांना माहीत आहे, तरी स्टुडिओची त्याविषयीची भूमिका बहुधा ऐन वेळी ठरते. २०१८ साली अमेरिकेतील एका स्टुडिओने ट्विटरवर खेळाडूशी वाद झाला म्हणून आपल्या लेखिकेलाच कामावरून काढले. म्हणून तुमचे नाव खेळाच्या जाहिरातीत किंवा मुलाखतीत जाणार असेल, तर हल्ला झाल्यास कंपनी जाहीरपणे काय करील, पोलिसांकडे कोण जाईल आणि तुम्ही उत्तर द्यावे की नाही, हे आधी लेखी घ्यावे.

तक्रार करण्याची वेळ आल्यास

भारतात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री कर्मचारी असते, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया असतात आणि एक सदस्य बाहेरची व्यक्ती असते. छोट्या इंडी (स्वतंत्र) स्टुडिओत दहा माणसे नसतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी लागते. सबळ कारण असल्यास समिती ही मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. ‘बिल्ड बाहेर पडू दे, मग बघू’ असे सांगणारे लोक प्रत्येक स्टुडिओत भेटतात, आणि त्यांचे ऐकत राहिल्यास मुदत निघून जाते. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हायला हवी. तेवढ्या काळासाठी बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची रजा लेखी अर्ज करून मागता येते.

निकाल लवकर लागेल, असे धरून चालू नये. युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीतील छळाच्या तक्रारी २०२० च्या उन्हाळ्यात बाहेर आल्या आणि फ्रान्समधील बोबिन्यी येथील न्यायालयाने तीन माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवले ते २०२५ च्या जुलैमध्ये. रायटमधील लिंगभेदाच्या खटल्यात आधी एक कोटी डॉलरवर तडजोड होत आली होती. कॅलिफोर्नियाच्या सरकारी यंत्रणेने हरकत घेतल्यानंतर, २०२१ च्या अखेरीस जाहीर झालेली तडजोड दहा कोटी डॉलरची होती. एवढ्या वर्षांनंतर आठवणी पुसट होतात, साक्षीदार दुसऱ्या कंपनीत जातात, चॅट पुसले जातात. म्हणून तक्रार तयार करताना घटनांचा क्रम, स्थळ, उपस्थितांची नावे आणि नेमके शब्द पहिल्याच आठवड्यात लिहून काढावेत.

नोकरी सोडताना

खेळ बाजारात येण्यापूर्वी सोडून गेलेल्यांची नावे श्रेयनामावलीतून वगळण्याची सवय अनेक स्टुडिओंना आहे, आणि बाहेरच्या कंपनीसाठी काम करणाऱ्या भारतीय चमूचे तर कधी कधी फक्त कंपनीचेच नाव छापले जाते. बाळंतपणाच्या रजेवर गेलेली किंवा छळाला कंटाळून बाहेर पडलेली स्त्री यात दुहेरी नुकसान सोसते, कारण नव्या ठिकाणी पुन्हा तिलाच पुरावा मागितला जातो. राजीनाम्याच्या ईमेलमध्येच, कोणत्या खेळात, कोणत्या पदनामाने आणि कोणत्या स्पेलिंगने आपले नाव यावे हे लिहावे. लग्नानंतर आडनाव बदलले असल्यास दोन्हींपैकी कोणते हवे तेही स्पष्ट करावे. पोर्टफोलिओत काय दाखवता येईल आणि कोणत्या तारखेनंतर, याची परवानगी शेवटच्या दिवसाआधी लेखी मिळवावी, कारण त्यानंतर ऑफिसचा ईमेल बंद होतो.