अडलेल्या भावनेचा माग शरीरातून कसा काढायचा: फोकसिंगच्या पायऱ्या

यूजीन जेंडलिन हे मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचे शिकागोतले सहकारी, मुळात तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. १९५०-६०च्या दशकांत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी समुपदेशनाच्या सत्रांच्या ध्वनिफिती ऐकल्या. गुण कुणाला येतो, हे त्यांना शोधायचं होतं. उत्तर थेरपिस्टच्या तंत्रापेक्षा समोरच्या माणसाच्या बोलण्यात सापडलं. गुण येणारी माणसं मध्येच थांबत, चाचपडत. ‘राग नाही... कसं सांगू... इथे काहीतरी अडकलंय.’ असं चाचपडणं शिकवता येईल म्हणून जेंडलिन यांनी सहा पायऱ्या बसवल्या आणि या पद्धतीला ‘फोकसिंग’ म्हटलं. १९७८ साली त्या पुस्तकरूपाने आल्या.

आधी जागा मोकळी करा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून वीसेक मिनिटं बसा. कर्जाचा हप्ता, आईची तपासणी, भावाशी घराच्या वाटणीवरून अडलेलं बोलणं, जे जे मनात येईल ते नुसतं ओळखा आणि बाजूला ठेवा. मग एकच विषय घ्या. पहिल्याच दिवशी सगळ्यात जड विषयाला हात घालू नका.

आता घसा, छाती, पोट इकडे लक्ष न्या आणि विचारा, ‘या सगळ्या प्रकरणाचं मला आत काय होतंय?’ झटकन आलेलं उत्तर बहुधा डोक्यातलं असतं. ते जाऊ द्या. अर्धा-एक मिनिट थांबलात की काहीतरी अंधूक जाणवू लागतं.

त्याला नाव शोधा. शब्द, वाक्य, चित्र, काहीही चालेल. मग ते नाव आतल्या जाणिवेला लावून बघा. खरं काम इथे आहे आणि घाईही नेमकी इथेच होते. समजा, वाटणीचा विषय घेतलाय. ‘राग’ म्हणून पाहिलं, छाती तशीच आवळलेली. ‘दुःख’ म्हटलं, तरी नाही. ‘मला कुणी विचारलंच नाही’ म्हटल्यावर आपसूक मोठा उसासा आला, खांदे सैलावले. हेच नाव बरोबर. तर्काला कितीही पटलं तरी शरीर ढिम्म राहिलं, तर नाव बदला.

पुढे त्या जाणिवेलाच विचारा, ‘यात एवढं बोचणारं काय आहे?’, ‘काय झालं तर बरं वाटेल?’ जे येईल ते आत्ता नुसतं ऐकून घ्या. ‘एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस’ असं म्हणणारा आवाज प्रत्येकाच्या डोक्यात असतो. त्याला थोडा वेळ बाहेर बसवा. भावाला फोन करायचा की नाही, हे उद्या ठरवा.

काही वेळा काहीच हलत नाही. मग उठा, पुन्हा कधीतरी बसा.

छातीत खरोखर दुखत असेल तर आधी डॉक्टर गाठा. अत्याचार, अपघात अशा आठवणी उसळून येत असतील, शरीर बधिर होत असेल, तर डोळे उघडा, खोलीतल्या वस्तूंकडे बघा आणि तिथेच थांबा. तो विषय प्रशिक्षित थेरपिस्टसोबतच हाताळायचा. भारतात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.