फ्रेंचचा आज्ञार्थ माझ्या डोक्यात कसा बसला

ए-टू, म्हणजे फ्रेंच परीक्षेच्या दुसऱ्या पायरीच्या तयारीत माझे मार्क सगळ्यात जास्त जायचे ते आज्ञार्थात. लिहिताना प्रत्येक वेळी 'त्यू'च्या, म्हणजे आपल्या 'तू'च्या रूपातला शेवटचा एस तसाच ठेवायचे, आणि पार्ल (बोल) हे एस लावून काय न लावून काय, ऐकायला सारखंच, त्यामुळे चूक कानाला कळायचीच नाही.

मग मराठी शेजारी लिहून बघितलं: बोल, बोला, बोलू या. पार्ल, पार्ले, पार्लों. तीनच रूपं, कर्ता गायब, अगदी आपल्यासारखं! तिथून एकदम सोपं झालं. मूळ रूपाच्या शेवटी ई-आर असलेली क्रियापदं, 'आले' म्हणजे जाणे, आणि उव्रीर म्हणजे उघडणे, यांचा एस 'त्यू'मध्ये जातो. बाकी फिनी (संपव), प्रां (घे) वगैरेंचा राहतो. असणे, जवळ असणे आणि माहीत असणे यांची सोआ, ए, साश ही अनियमित रूपं मात्र सरळ पाठ केली.

पण मला खरं आवडलं ते वा-झी, म्हणजे 'तिथे जा'. एकटं 'वा' (जा) बिनएसचं, पण पुढे 'ई' (तिथे) आला की एस परत येतो आणि झाडातल्या झसारखा ऐकू येतो, दोन स्वर एकमेकांवर आपटू नयेत म्हणून. किती छान सोय आहे ही!

सर्वनामांना जास्त वेळ लागला. 'मला दे' म्हणजे दॉन-म्वा, सर्वनाम मागे, मध्ये छोटी रेघ. नकार आला की तेच पुढे उडी मारतं आणि म्वाचं म होतं: न म दॉन पा, म्हणजे 'मला देऊ नको'. हे मी आठवडाभर स्वयंपाक करताना मोठ्याने म्हणत होते, लेव-त्वा (ऊठ), न त लेव पा (उठू नको), असं जोडीने, तेव्हा कुठे तोंडात बसलं.