रंगावर जाऊ नका, फूल उलटून पाहा

हिवाळ्याचा पाऊस नीट झाला की कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटाची जमीन मार्चमध्ये पिवळीधमक होते. गाडीतून पाहिलं तर सगळीकडे एकच फूल पसरलंय असं वाटतं. उतरून गुडघे टेकले की कळतं, त्या पिवळ्यात पाच-सहा जाती आहेत आणि बऱ्याचशा एकमेकींच्या चुलत बहिणी. पहिल्या वर्षी मी पांढऱ्या फुलांचे ढीगभर फोटो काढले, सगळे वरून. घरी येऊन ओळखायला बसलो तर पहिलाच प्रश्न आडवा आला: फुलाखालच्या देठावर ग्रंथी आहेत का? एकाही फोटोत देठ नव्हता.

तेव्हापासूनची रानफुलं ओळखायची माझी पद्धत इथे देतो. उदाहरणं मोहावी आणि सिएरा नेवाडा या डोंगररांगेची आहेत.

सुरुवात: उंची आणि जमीन लिहून ठेवा

हे काम दोन मिनिटांचं आहे, तरी बहुतेक जण टाळतात. समुद्रसपाटीपासूनची उंची, जमीन कसली (कोरड्या ओढ्याची वाळू, खडीचा उतार, ग्रॅनाइटची भेग की ओलसर कुरण) आणि तारीख. वाळवंटाच्या तळाशी बहर फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, सिएराच्या माथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये. ३०३१ मीटरवरच्या टायोगा खिंडीत उभे असाल, तर वाळवंटी जातींची अर्धी यादी तिथेच बाद होते.

सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटी मोजपट्टी आणि एक हातआरसा घ्या. आरसा कशाला, ते पुढे येईलच.

रंग आणि आकारमान यांना शेवटचा मान द्या

मोहावीत लायनँथस पॅरीए नावाचं इवलंसं फूल आहे. कुठे पांढरं, कुठे निळं, तर कुठे दोन्ही रंग शेजारी-शेजारी. जात मात्र एकच. हे दोन रंग योगायोगाने टिकले की निवडीने, यावर आनुवंशिकीचे अभ्यासक १९४०च्या दशकापासून वाद घालत आले आहेत. ल्युपिन या तुऱ्याने फुलणाऱ्या रानफुलाच्या अनेक जातींत वरच्या पाकळीवरचा फिकट ठिपका परागीभवनानंतर लालसर होतो, म्हणजे एकाच तुऱ्यात दोन रंग दिसतात. आकारमानाचंही तेच. भरपूर पाण्याच्या वर्षी गुडघ्याएवढं होणारं झाड कोरड्या वर्षी बोटभर उंचीचं राहून एकच फूल देतं. म्हणून “छोटं आहे, तर वेगळी जात असेल” असं मनात आलं तर जरा थांबा.

फुलाच्या मागे आणि खाली पाहा

खरी ओळख इथे पटते. पॉपी घ्या. कॅलिफोर्निया पॉपी हे १९०३ पासून राज्याचं अधिकृत फूल, त्यामुळे दिसलेली प्रत्येक केशरी-पिवळी पॉपी त्याच नावाने खपते. पाकळ्या जिथे जोडलेल्या असतात तिथे खालून पाहा. कॅलिफोर्निया पॉपीत तिथे एक पसरट कड असते, कपाखाली बशी ठेवावी तशी, बरेचदा लालसर. पाकळ्या गळून शेंग धरली तरी ही बशी तिच्या बुडाशी तशीच राहते, त्यामुळे बहर ओसरल्यावरही ओळख पटते.

वाळवंटातल्या तिच्या बहिणींमध्ये ही पसरट बशी नसते. ती नाही अशी खात्री झाली की पानांकडे वळा. सगळी पानं बुडाशी झुबक्यात आणि फुलाचा दांडा अगदी उघडा, तर एशोल्झिया ग्लिप्टोस्पर्मा. नावाचा अर्थ ‘कोरीव बी’ असा आहे, आणि भिंगाखाली बियांवर खरंच खळगे दिसतात. दांड्यावरही पानं आहेत, ती राखट-निळसर आहेत आणि फूल बारीक आहे, तर बहुधा एशोल्झिया मिन्युटिफ्लोरा. पानं स्वच्छ हिरवी आणि फूल त्याहून मोठं असेल, तर एशोल्झिया पॅरिशाय धरून पाहा. या शेवटच्या दोघींमध्ये माझीही अजून गफलत होते. मिन्युटिफ्लोराच्या काही प्रकारांची फुलं नावाला न शोभण्याइतकी मोठी असतात.

आता आरसा. फूल तोडायचं नाही. राष्ट्रीय उद्यानांत ते बेकायदेशीर आहे, आणि बंदी नसती तरी एका नावासाठी एक झाड बी धरण्याआधी संपवणं मला पटत नाही. आरसा फुलाखाली सरकवा, बशी आहे की नाही ते लगेच दिसतं. फोटोही आरशातलाच काढा. गुडघे टेकताना तेवढं खाली पाहा: काळपट, खरबरीत दिसणारी माती जिवंत थर असते आणि एका पावलाने मोडलेला तो थर सावरायला वर्षानुवर्षं लागतात.

पांढऱ्या तिघी

माझी फजिती झाली ती यांच्यामुळे. तिघी डँडेलायनच्या कुळातल्या, तिघींच्या अंगात दुधी चीक, आणि वरून पाहिल्या तर तिघी जवळजवळ सारख्याच.

टॅकस्टेमच्या फुलाखालच्या देठावर आणि हिरव्या छदांवर (फुलाला खालून वेढणाऱ्या पानांसारख्या भागांवर) बारीक ग्रंथी असतात, प्रत्येक अगदी टाचणीच्या डोक्यासारखी. भिंगातून त्या दिसल्या की प्रश्न मिटला. पिवळ्या टॅकस्टेमलाही त्या असतात, त्यामुळे पिवळ्या डेझर्ट डँडेलायनपासून ती वेगळी काढायला हीच खूण चालते.

डेझर्ट चिकोरीला ग्रंथी नसतात. तिच्या पाकळ्यांच्या पाठीवर जांभळट छटा असते, दांड्यावर पानं असतात, आणि ती बरेचदा एखाद्या झुडपाच्या आधाराने वर आलेली असते. झुडपातून डोकावणारं पांढरं फूल दिसलं की पहिला संशय तिच्यावर घ्या.

तिसरी ग्रॅव्हल घोस्ट, म्हणजे खडीवरचं भूत. पानं जमिनीला चिकटून चपटी, मधला दांडा बारीक आणि जवळजवळ उघडा. चार पावलं मागे गेलात की दांडा दिसेनासा होतो आणि फूल हवेत तरंगतंय असा भास होतो. बी धरली असेल तर आणखी सोपं: डँडेलायनच्या बीवर असते ती कापसासारखी म्हातारी हिच्या बीवर नसते.

फुलोऱ्याची मांडणी पाहा

वाळवंटातली पिवळी झुडपं ओळखायला हे पुरतं. पानं रुपेरी-पांढरी आणि एका दांड्याला फांद्या फुटून त्यावर बरीच फुलं, तर ब्रिटलबुश. स्पॅनिश मिशनरी तिचा डिंक धूप म्हणून जाळत. तिच्याच जवळची एन्सेलिया ॲक्टोनाय एका दांड्यावर एकच फूल धरते. एन्सेलिया फ्रुटेसन्सच्या फुलाला कडेच्या पाकळ्याच नसतात, नुसता पिवळा गोंडा.

आत डोकावा, पुंकेसर मोजा

घोस्ट फ्लॉवर आणि सँड ब्लेझिंग स्टार ही वाळूत शेजारी उगवणारी, फिकट सायीच्या रंगाची दोन फुलं. नात्याने ती लांबची, पण घोस्ट फ्लॉवरमध्ये मध नसतो आणि ती मधवाल्या शेजारणीचं सोंग घेऊन मधमाश्यांना फसवते. आपल्याला फसायचं कारण नाही: ब्लेझिंग स्टारमध्ये पुंकेसरांचा झुबका असतो, घोस्ट फ्लॉवरमध्ये फक्त दोन पुंकेसर आणि आत लाल ठिपके. ब्लेझिंग स्टारचं पान बाहीला चिकटलं तर आणखी एक पुरावा मिळाला, त्याच्या लवेला आकडे असतात.

पान चोळून पाहायचा मोह मात्र आवरा. फॅसेलिया नावाच्या रानफुलाच्या काही जातींची चिकट लव अंगाला लागली की पुरळ येतं, आणि ते लगेच न येता नंतर येतं, त्यामुळे कारण लक्षातही येत नाही.

डोंगरावर गेल्यावर

सिएरात एक फरक पडतो: जाती उंचीप्रमाणे थर लावल्यासारख्या राहतात आणि थरांच्या सीमेवर मिसळतात. ग्रॅनाइटच्या भेगांत गडद गुलाबी फुलं आणि दातेरी कडांची पानं असलेला पेन्स्टेमन म्हणजे न्यूबेरीआय. त्याच्या वर, माथ्याकडे, जमिनीवर चटईसारखा पसरलेला, जांभळट फुलांचा आणि सरळ कडेच्या पानांचा तो डेव्हिडसोनाय. म्हणजे इथे रंग कामाला येतो, मीच वर त्याला शेवटचा मान दिला असला तरी. पण दोघं जिथे भेटतात तिथे संकर होतो, आणि रंग, पान सगळंच अधलंमधलं दिसतं. अशा झाडाला ओढूनताणून एक नाव चिकटवू नका. ‘पेन्स्टेमन, बहुधा संकर’ असं लिहिणं हे प्रामाणिक उत्तर आहे.

पेंटब्रश नावाच्या रानफुलाचं लाल टोक म्हणजे पाकळ्या नव्हेत. ती रंगीत छदं आहेत, खरं फूल आत हिरवट नळीसारखं दडलेलं असतं. म्हणून इथेही पान पाहा: कडा नागमोडी आणि अंग चिकट असेल तर ॲपलगेटाय, पान सपाट, चिकटपणा नाही आणि झाड ओल्या कुरणात उभं असेल तर मिनिएटा.

फोटोंचा क्रम

आसपासच्या जमिनीसह पूर्ण झाड, बुडाची पानं, दांड्याच्या मध्यावरचं पान दोन्ही बाजूंनी, फूल बाजूने, फूल खालून, फुलाच्या आत, आणि सापडलीच तर शेंग किंवा बी. एका फोटोत मोजपट्टी ठेवा. फूल वरून टिपायचा फोटो सर्वांत शेवटी काढा, तो कुणीही विसरत नाही.

हे फोटो आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर टाकलेत तर सुचवलेल्या नावांपैकी पहिलं लगेच स्वीकारू नका. पॉपी असेल तर बशीचा फोटो उघडा, टॅकस्टेम सुचवलं असेल तर टाचण्या शोधा. खूण दिसली नाही तर जातीचं नाव न देता फक्त वरच्या गटाचं नाव लिहा आणि पुढच्या वसंतात त्याच जागी जाऊन पाहा.