जुन्या गाडीचं क्रोम: ओरिजिनल उजळायचं की डुप्लिकेट बसवायचं? या चुका टाळा

दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार येते, तेव्हा अर्धं कोल्हापूर मोबाईल वर करून उभं असतं. त्या रात्री चार-पाच जणांना तरी शेडमधली आपली फियाट आठवत असणार. ताडपत्री निघते आणि आठवड्याभरात पहिली चूक होते: बंपर, जाळी, पट्ट्या, हँडलं, मोनोग्राम, सगळं खोलून एकाच पोत्यात भरायचं आणि प्लेटिंगवाल्यापुढं ओतायचं.

मीही तेच केलं. काकांची पद्मिनी, म्हणजे फियाटच. पोत्यात लोखंड होतं, स्टेनलेस होतं, ॲल्युमिनियम होतं आणि जस्ताचं डायकास्टिंगही, म्हणजे वितळलेलं जस्त साच्यात दाबून ओतलेले पार्ट. जुनं क्रोम काढायला सगळं एकाच आम्लाच्या टाकीत गेलं. बंपर झकास आला. ड्रायव्हरच्या दाराचं हँडल मात्र चहात बुडवून काढलेल्या बिस्किटासारखं: कडा गेलेल्या, कुलपाच्या भोकाभोवती खड्डे. आम्ल जस्ताला खातं. प्लेटिंगवाल्याला बोल लावायला तोंड नव्हतं, कारण कुठला पार्ट कशाचा आहे हे मीच सांगितलं नव्हतं.

डायकास्टिंग मागून ओळखायचं. चमक पोचलेली नसते तिथं मळकट राखाडी धातू, साच्याच्या खुणा, कधी उठावाचे आकडे. चुंबक चिकटत नाही. समोरून क्रोमवर मुरमांसारखे फोड दिसले, तर आतलं जस्त सडून फुगलंय. त्यावर नुसता बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं कापडी चाक, मारला की फोड फुटतात आणि खड्डे उघडे पडतात. नीट करायचं तर पांढरी भुकटी संपेपर्यंत एकेक खड्डा बारीक ड्रिलनं कोरायचा, सायनाइडच्या बाथमध्ये तांब्याचा पातळ थर द्यायचा, वर जाड तांबं, घासकाम, पुन्हा तांबं, मग निकल आणि शेवटी क्रोम. घरी करायचं हे काम नाही. क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, त्यामुळं घासकामात राहिलेला ओरखडा तो झाकत नाही, उलट उठून दाखवतो. फोड मोहरीएवढे असतील तर जुनं वाचवा. नखाएवढे खड्डे असतील तर चांगलं डुप्लिकेट घ्या, वाद घालू नका.

स्टेनलेसची पट्टी टाकून देणं हा मात्र मला गुन्हाच वाटतो. पोचा आतून लाकडी ठोकणीनं हळूहळू काढायचा, ४००, ६००, १००० नंबरचा पाणकागद मारायचा, मग बफ. प्लेटिंग लागतच नाही. ‘चुंबक चिकटला, म्हणजे लोखंड’ असं समजून बरेच जण तिच्यावर क्रोम चढवून घेतात. ४३० ग्रेडच्या स्टेनलेसलाही चुंबक चिकटतो. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ॲनोडायझिंग, म्हणजे विजेनं चढवलेला संरक्षक थर, असेल तर ते आधी कॉस्टिक सोड्यानं उतरवावं लागतं, आणि पॉलिशनंतर पुन्हा करून घेतलं नाही तर आपल्या पावसात ती लवकरच काळवंडते. रबर मात्र नवंच घ्या. कडक झालेल्या रबरावर माया करून काच गळायची थांबत नाही.

आता डुप्लिकेट. खोक्यात सगळंच छान दिसतं. जुना पार्ट आणि नवा टेबलावर शेजारी ठेवा, पाठ वर करून. पिनांमधलं अंतर मोजा, बाक जुळतो का बघा, पत्रा पातळ आहे का दाबून बघा. बाक कमी असला की मिस्त्री म्हणतो, ‘बसवतो की दाबून.’ दाबल्यावर क्रोमला केसासारख्या चिरा जातात आणि पाणी तिथून शिरतं. रंगकामाच्या आधीच कोरडं बसवून बघा. रंगलेल्या मडगार्डला नवीन भोक पाडलं, की गंजाला दार उघडून दिलं. अँबॅसेडरवाल्यांसाठी एक: गाडी २०१४ पर्यंत बनत होती म्हणून माल मिळतो खरा, पण मार्क फोर मॉडेलची जाळी मार्क टूच्या तोंडाला बसत नाही. दुकानदार ‘अँबॅसेडरचीच आहे’ म्हणाला, तर तो खोटं बोलत नसतो.

आणि नवं गाडीवर बसेपर्यंत जुनं भंगारात घालू नका. माझं ते कुरतडलेलं हँडल घेऊन मी उद्यमनगरात, ओतकाम करणाऱ्याकडं गेलो होतो, जरा लाजतच. कारागिरानं ते उलटसुलट केलं आणि म्हणाला, “फुटकं का असंना, नमुना हाय न्हवं?” पण तसंच साच्याच्या मातीत दाबून पितळ ओतलं असतं तर पार्ट लहान निघाला असता. पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं, म्हणजे दीडशे मिलिमीटरच्या हँडलमागं दोन मिलिमीटरच्या वर, आणि तेवढ्यात बोल्ट भोकात जात नाही. त्यानं खड्डे पुट्टीनं भरले, अंगभर जरा जाडी चढवली, लांबी वाढवली आणि मग ओतलं. वर तांबं, निकल, क्रोम.

काकांनी दार उघडलं, मिटलं, परत उघडलं.

“ह्यो हातात जड लागतोय रं.”

“पितळ आहे, काका.”

“मग दुसऱ्या दाराचाबी करून घे.”