रोबोची मोटर चालवायची आहे? बोर्ड नंतर घ्या, आधी करंट मोजा

ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलात (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं) आणि काउंटरवर 'मोटर ड्रायव्हर' (प्रोग्रॅम चालवणाऱ्या बोर्डाच्या हुकमावर मोटरला बॅटरीचा करंट पुरवणारा भाग) मागितलात, तर समोरून प्रश्न येतो, "कितने अँपिअर का?" पहिल्या खेपेला माझी बोलतीच बंद झाली होती. दुकानदाराने दिला तो घेऊन आलो आणि दोन दिवसांत जाळला. चूक माझीच होती, मोटरला किती करंट लागतो ते मी मोजलंच नव्हतं.

तेव्हा पहिलं काम म्हणजे मोजणं. मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला आणि मीटर बॅटरी व मोटर यांच्या मधोमध, सिरीजमध्ये जोडा. पिवळी प्लास्टिक गिअरची बीओ मोटर ६ व्होल्टवर मोकळी फिरताना जेमतेम दीडेकशे मिलिअँपिअर घेते. आता चाक बोटांनी घट्ट धरा, पण सेकंदभरच. आकडा एक अँपिअरच्या पुढे पळतो. हा स्टॉल करंट. रोबो भिंतीला अडला की ड्रायव्हरला हेच सोसावं लागतं. ड्रायव्हरच्या एका चॅनलवर (मोटर जोडायच्या एका जागेवर) दोन मोटरी जोडणार असाल तर आकडा दुप्पट धरा.

दुसरं काम ड्रायव्हर निवडणं. एल२९३डी एका चॅनलला ०.६ अँपिअर देतो, म्हणजे बीओ मोटरलाही कमीच. लाल बोर्डावरचा, काळ्या हीटसिंकचा एल२९८एन सगळीकडे मिळतो, स्वस्तही असतो आणि २ अँपिअर देतो. पण तो जुन्या धाटणीचा आहे. दोनेक व्होल्ट स्वतःच गिळतो आणि तापतो. १२ व्होल्टच्या मोटरला ते चालून जातं, ६ व्होल्टच्या मोटरचा मात्र जीवच जातो. छोट्या रोबोला माझं मत टीबी६६१२ ला. सतत १.२ अँपिअर, क्षणभर ३.२, आणि व्होल्टेज जवळजवळ खातच नाही. त्याची एसटीबीवाय (स्टँडबाय) पिन हाय, म्हणजे चालू, करायला विसरलात तर मोटर ढिम्म हलणार नाही. यावर माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे. मोठ्या जॉन्सन मोटरला (धातूच्या गिअरची दणकट मोटर) बीटीएस७९६० घ्या, पण जाहिरातीतल्या ४३ अँपिअरवर भुलू नका. तेवढ्याशा हीटसिंकवर तो आकडा गाठता येत नाही.

बॅटरीत कंजुषी नको. ९ व्होल्टचा चौकोनी सेल मोटरला चालत नाही. मोटर सुरू होताच व्होल्टेज कोसळतं, बोर्ड रीसेट होतो आणि आपण प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो. चांगले १८६५० चे (रीचार्ज होणारे लिथियम-आयन) दोन सेल प्रोटेक्शन सर्किटसह सिरीजमध्ये लावा. पूर्ण चार्ज असताना ते ८.४ व्होल्ट देतात, म्हणून ६ व्होल्टच्या मोटरसाठी प्रोग्रॅममध्ये वेग २५५ (म्हणजे पूर्ण वेग) पैकी १८० च्या वर नेऊ नका. बॅटरी, ड्रायव्हर आणि बोर्ड यांची ग्राउंड (निगेटिव्ह वायर) एकत्र जोडलेली हवी. ती तुटकी असेल तर मोटर मनाला येईल तशी वागते.

आता बोर्ड. नुसता चालता रोबो हवा असेल तर आर्डुइनो नॅनोचा क्लोन (स्वस्त नक्कल) पुरे. मोबाइलवरून चालवायचा असेल तर ईएसपी३२, त्यात वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही असतं. त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात, टीबी६६१२ ला ते चालतं. फक्त ३४ ते ३९ या पिना मोटरसाठी घेऊ नका, त्या इनपुटपुरत्याच आहेत. क्लोन लॅपटॉपला दिसत नसेल तर बोर्डावरच्या सीएच३४० या यूएसबी चिपचा ड्रायव्हर (इथे सॉफ्टवेअर) लॅपटॉपवर टाका. त्याआधी केबल बदलून पाहा, कारण घरातल्या निम्म्या केबली नुसत्या चार्जिंगच्या निघतात.

सॉफ्टवेअरला पैसे मोजायची गरज नाही. आर्डुइनो आयडीई (प्रोग्रॅम लिहून बोर्डात टाकायचं सॉफ्टवेअर) फुकट आहे आणि दोन्ही बोर्डांना चालतं. स्टेपर मोटर (मोजून टप्प्याटप्प्याने फिरणारी) असेल तर ॲक्सेलस्टेपर ही लायब्ररी घ्या. एक खोड लक्षात ठेवा: आर्डुइनो उनो किंवा नॅनोवर सर्व्हो (ठरावीक कोनात वळणारी मोटर) लायब्ररी वापरली की ९ आणि १० नंबरच्या पिनांवरचं पीडब्ल्यूएम (वेग कमी-जास्त करायची सोय) बंद पडतं. रोबोला सर्व्होवर चालणारा हातही असेल तर चाकांचा वेग ५ आणि ६ वर घ्या.

पहिली चाचणी रोबोला डब्यावर ठेवून, चाकं अधांतरी असताना करा. एखादं चाक उलटं फिरलं तर प्रोग्रॅमला हात लावू नका. त्या मोटरच्या दोन वायरी आपसात बदला.