फायर प्रो या कुस्तीच्या व्हिडिओ गेममध्ये सगळे आकडे दहा केले तरी पैलवान हरतो, कारण गडबड दुसरीकडे असते

'सगळे पॅरामीटर दहा कर, मग कोण हरवतंय' असं सांगणारा भेटला तर त्याला कटिंग पाजा आणि वाटेला लावा. मी ऐकलं होतं, पस्तावलो. फायर प्रो रेसलिंग वर्ल्ड 2017 ला पीसीवर आला तेव्हापासून माझा एकच उद्योग, स्वतः खेळायचं नाही, पैलवान बनवायचे आणि सीपीयू विरुद्ध सीपीयू, म्हणजे दोन्ही पैलवान कॉम्प्युटरच्या हातात, अशी कुस्ती लावून बघत बसायचं.

चेहरा, चड्डीचा रंग, उंची, वजन हे सांगत नाही, ते कोणालाही जमतं.

पॅरामीटर म्हणजे पैलवानाच्या ताकदीचे आकडे, एक ते दहा, हल्ल्याचे वेगळे आणि बचावाचे वेगळे. प्रत्येक डावाचा प्रकार ठरलेला असतो, ठोसा, लाथ, फेक, ताकद वगैरे, आणि डाव लागला की मारणाऱ्याचा त्या प्रकारचा हल्ला आणि समोरच्याचा त्याच प्रकारचा बचाव असा हिशोब होतो. आता तुमच्या पैलवानाकडे ठोसेच नसतील तर ठोशाला दहा देऊन काय लोणचं घालणार? आधी डाव निवडा, मग आकडे भरा. जाड्याला दम कमी द्या. झालं.

आता खरी डोकेदुखी, लॉजिक, म्हणजे सीपीयूने कधी कुठला डाव टाकायचा ते. आमचे आजोबा गिरणीत होते, वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममधल्या दारासिंग-किंगकाँगच्या कुस्त्यांच्या गोष्टी त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकल्यात की ही जोडी बनवणं भागच होतं. दारासिंगला ताकद दहा, फेक दहा, सगळं भरभरून दिलं. लालबागच्या खोलीत चार मित्र आणि शेजारचे काका असे बसवून दहा कुस्त्या लावल्या, सात हरला! पहिल्याच मिनिटाला हा किंगकाँगला उचलायला जातो, किंगकाँग डाव उलटवतो, हा परत उचलायला जातो, तो परत उलटवतो. काका भजी खात म्हणाले, "अरे हा दारासिंग आहे का वडापावच्या गाडीवरचा पोऱ्या?"

चूक आकड्यांत नव्हतीच. लॉजिकमध्ये समोरच्याला किती मार बसलाय त्यावर तीन कप्पे असतात, कमी, मध्यम, जास्त, आणि प्रत्येक कप्प्यात कुठला डाव किती टक्के वेळा टाकायचा ते तुम्ही ठरवता, बेरीज शंभर. मी शहाण्याने 'कमी' कप्प्यातच मोठ्या फेकींना तीस टक्के दिले होते. ताज्या दमाच्या माणसावर मोठा डाव टाकला की तो उलटतो, मग हल्ल्याला दहा असो नाहीतर दोन. त्यामुळे 'कमी' कप्प्यात मोठ्या डावांना शून्य. एक नाही, दोन नाही, शून्य! तिथे फक्त छोटे डाव. 'मध्यम'मध्ये मधले डाव जास्त ठेवा, मोठे चवीपुरते. 'जास्त'मध्ये मोठे डाव आणि फिनिशर, म्हणजे कुस्ती संपवणारा खास डाव, आणि इथे उलटी चूक करू नका, माझ्या फिनिशरला दोन टक्के होते म्हणजे जिंकत आलेला माणूस उगाच ढकलाढकली करत बसायचा. मी आता पंधराच्या आसपास ठेवतो.

अजून एक, समोरचा आडवा पडल्यावर पिन करायचं (खांदे टेकवून जिंकायचं) का परत उठवायचं याचेही टक्के असतात. ते न बघता 'गेम फालतू आहे' म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही.

एका कुस्तीवरून काही ठरवू नका. क्रिटिकल, म्हणजे नशिबाने बसणारा जबर फटका, लागला की चांगली चाललेली कुस्ती तिथेच खल्लास होते. निदान दहा लावा, आवाज बंद करून, तेवढ्यात जेवून घ्या.

तेच आकडे ठेवून नुसतं लॉजिक बदललं आणि दारासिंग दहात सहा जिंकला. दहाच्या दहा नको होत्याच, मग बघायचं काय? सध्या अमेरिकन पैलवान लू थेस बनवतोय. 1968 ला मुंबईत दारासिंगने त्याला हरवलं, म्हणून मित्र म्हणतो थेसचे आकडे पाड. अजिबात नाही, थेसला सबमिशन, म्हणजे पकडीत हार मानायला लावणं, नऊच राहणार, दारासिंगला जिंकायचं असेल तर त्या नऊसमोर जिंकेल.